चौदा काठ्यांचा हिशेब

महाडहून भोरकडे निघालेला रस्ता बिरवाडी मागे टाकून वरंधच्या शिवारात शिरतो, तेव्हा समोर कावळ्या किल्ल्याच्या अंगाने वर चढणारा घाट दिसू लागतो. पूर्वी या घाटाने कोकणचे मीठ, सुकी मासळी आणि नारळ देशावर जात, आणि देशावरचा गूळ, मिरची व धान्य महाडच्या बंदराकडे उतरे. इंग्रजी अमदानीत पायथ्याचा मुलूख सरकारच्या कुलाबा जिल्ह्यात आणि माथ्यापलीकडचा पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडे. अशा वाटेच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसास ओझ्याचा विवेक वेगळा शिकवावा लागत नाही. काय बरोबर घ्यावे आणि काय घरी ठेवावे, याचा निर्णय चढणीला लागण्यापूर्वीच करावा लागतो, हे त्याला उपजतच ठाऊक असते.

या मुलखातील दुसरी वाट पोलादपुरावरून आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरास जाते. 1876 च्या सुमारास हा रस्ता गाड्यांच्या रहदारीस योग्य झाला आणि गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांचे नाव त्यास मिळाले. तेव्हापासून मुंबईहून गलबताने अथवा आगबोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावास उतरून महाड-पोलादपूरमार्गे थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा परिपाठ साहेब लोकांत पडला. त्यांचा सारा उन्हाळी संसार, पेट्या, पलंग, चिनीमातीची भांडी आणि खेळांचे साहित्य यांसह, आमच्याकडच्या बैलांच्या खांद्यावर आणि हमालांच्या डोक्यावर घाट चढत असे. ज्या राज्यकर्त्या वर्गाने ही वहिवाट घातली, त्याच वर्गाने मुंबई इलाख्यात गोल्फ हा खेळ आणला. खेळाडूने चालायचे आणि त्याच्या काठ्यांचे ओझे दुसऱ्याने वाहायचे, हा शिरस्ताही त्या खेळाबरोबरच आला. झोळीत कोणत्या ‘वेज’, म्हणजे चेंडू उंच उडवून अलगद उतरविणाऱ्या कललेल्या तोंडाच्या लोखंडी काठ्या, बाळगाव्या, हा आज हौशी खेळाडूंत अखंड चर्चिला जाणारा प्रश्न वरवर पाहता कारखानदारीचा आणि दुकानदारीचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, या जातीची प्रत्येक काठी कोणत्या तरी विशिष्ट जमिनीच्या अडचणीतून जन्मास आली आहे, आणि त्या जमिनीचा विसर पडला की तिची निवड चुकते.

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, 1829 सालचा. मुंबईचा त्यानंतर तेराच वर्षांनी, 1842 साली स्थापन झाला. 1845 मध्ये मुंबईच्या या मंडळींनी सेंट अँड्र्यूज येथील मूळ पीठास एक रौप्यपदक नजर केले, आणि ते तेथील वासंतिक स्पर्धेत खेळले जाऊ लागले. ज्या काळात मुंबईत आगगाडी धावू लागली नव्हती, त्या काळात स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यावरील क्रीडासंस्थेच्या दप्तरात मुंबईचे नाव अशा रीतीने दाखल झाले होते. त्या पहिल्या खेळाडूंच्या सरंजामात वेज नावाची वस्तूच नव्हती. चेंडू कातड्याचा असे आणि त्यात शिजवून मऊ केलेली पिसे ठासून भरलेली असत. लोखंडाचा घाव नेमका शिवणीवर बसला तर तो तत्काळ फाटे, आणि चेंडू महाग असल्यामुळे लोखंडी काठीचा उपयोग शहाणा खेळाडू निरुपाय झाल्यावाचून करीत नसे. चेंडू उंच उडवून अलगद खाली उतरविण्याचे काम मागे कललेल्या तोंडाच्या लाकडी काठीकडे असे. तिला ‘बॅफिंग स्पून’ म्हणत.

1848 च्या सुमारास मलायाच्या अरण्यांतील गटापर्चा नावाच्या डिंकाचे चेंडू प्रचारात आले, आणि या एका फेरबदलाने सारा बाज पालटला. नवा चेंडू स्वस्त होता, कठीण होता, लोखंडाचा मार निमूटपणे सोशीत होता. त्यामुळे जी लोखंडी काठी तोपर्यंत केवळ संकटकाळी बाहेर निघे, तिला नित्याच्या व्यवहारात मानाची जागा मिळाली. समुद्रकाठच्या त्या सार्वजनिक माळांवरून गावकऱ्यांच्या गाड्या खुशाल जात-येत. चाकोरीत अडकलेला चेंडू काढण्यासाठी लहान, गोल व जड तोंडाची एक काठी लोहाराने घडविली होती, आणि तिला चाकोरीचेच नाव देऊन ‘रट आयर्न’ म्हणत. 1868 ते 1872 या अवधीत ब्रिटनची ओपन स्पर्धा चार वेळा जिंकणाऱ्या आणि अवघ्या चोविसाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या धाकट्या टॉम मॉरिसने ही काठी चाकोरीबाहेर आणली. अडथळ्यावरून चेंडू उंच टाकून तो ध्वजाजवळ थांबविण्यासाठी तिचा बुद्धिपुरस्सर उपयोग करून त्याने दाखविला. पुढे मॅशी आणि निब्लिक या नावांनी ज्या काठ्या रूढ झाल्या, त्यांतील उताराच्या काठ्यांचे कुळ या रट आयर्नपर्यंत पोहोचते, आणि आजची वेज याच वंशातील आहे.

तथापि निब्लिकला वाळूपुढे हार खावी लागे. तिची कड पातळ व धारदार असल्यामुळे वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे ‘बंकर’मध्ये, ती चेंडूच्या खाली न सरकता खोल रुते, आणि चेंडू होता तेथेच राही. या अडचणीवर पहिली तजवीज काढली ती टेक्सासच्या मॅक्लेन नावाच्या गृहस्थाने: त्याने पळीसारख्या खोलगट तोंडाची जड काठी तयार केली. बॉबी जोन्सने 1930 साली ओपन स्पर्धेत तिचा उपयोगही केला. परंतु खोलगट तोंडामुळे एकाच फटक्यात चेंडूस दोनदा स्पर्श होतो असे नियमकर्त्यांच्या निदर्शनास आल्यावरून 1931 साली तिच्यावर मनाई आली. त्याच हिवाळ्यात फ्लॉरिडात जीन सॅराझन हा खेळाडू निराळ्या दिशेने विचार करीत होता. विमान धावपट्टी सोडताना त्याचे शेपूट खाली जाते आणि नाक वर येते, हे पाहून त्याला युक्ती सुचली, अशी हकीकत तो स्वतः सांगे. आपल्या निब्लिकच्या तळाला मागच्या अंगास त्याने धातूचा जाड थर डाख देऊन बसविला आणि तो कानशीने घाशीत घाशीत अशा बेताने आणला की, काठी जमिनीवर टेकली असता मागची कड आधी लागावी आणि पुढची कड किंचित अधांतरी राहावी. आता फटका वाळूत बसला की काठी रुतत नसे. तळाची फुगीर बाजू वाळूवरून निसटे आणि वाळूच्या पातळ पापुद्र्यासह चेंडू वर उचलला जाई. 1932 च्या ओपन स्पर्धेसाठी सॅण्डविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर तो आला, तेव्हा सामना सुरू होण्यापूर्वी कोणाची हरकत येऊ नये म्हणून सरावाच्या दिवसांत त्याने ही काठी लोकांच्या नजरेस पडू दिली नाही. ती स्पर्धा त्याने जिंकली, आणि ‘सॅण्ड वेज’ खेळाच्या संसारात कायमची नांदू लागली. तळाच्या या फुगीर कलास आज ‘बाउन्स’ म्हणतात, आणि निवडीच्या प्रश्नाचे अर्धे मर्म त्यातच साठविलेले आहे.

उरलेले अर्धे मर्म संख्येच्या मर्यादेत आहे. पोलादी दांड्यांस अमेरिकेत 1924 साली व ब्रिटनमध्ये 1929 साली मुभा मिळाली. क्रमांकवार, एका मापाने घडविलेले संच कारखान्यांतून बाहेर पडू लागले, आणि प्रत्येक अंतरासाठी स्वतंत्र काठी विकत घेता येते असे दिसताच झोळ्या फुगत चालल्या. लॉसन लिट्ल या नामांकित खेळाडूच्या झोळीत वीसहून अधिक काठ्या असत, आणि त्यांत वेजचाच भरणा मोठा असे. अखेरीस 1938 साली अमेरिकेच्या आणि 1939 साली सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी चौदा काठ्यांची कमाल मर्यादा ठरवून दिली. ती ओलांडणाऱ्यास नियमभंग झालेल्या प्रत्येक होलमागे दोन फटक्यांचा आणि एका फेरीत जास्तीत जास्त चार फटक्यांचा दंड आजही भरावा लागतो. कौशल्य पैशाने विकत घेता येऊ नये हा या हुकमामागील मुख्य हेतू होता, आणि ओझे वाहणाऱ्याच्या खांद्याचा विचारही त्या वेळच्या चर्चेत होता, हे आमच्यासारख्या घाटपायथ्याच्या माणसास विशेष नोंदवावेसे वाटते.

आता चौदांचा जमाखर्च मांडून पाहावा. एक ड्रायव्हर, दोन फेअरवे वूड, एक हायब्रिड, पाच ते नऊ क्रमांकांची पाच आयर्न आणि एक पटर मिळून दहा झाल्या, शिल्लक चार. या चार जागांवर कोणी बसावे, यावरून सर्व वाद आहे. सॅराझननंतर कित्येक दशके उत्तर सोपे होते, कारण पिचिंग वेजचा कल, ज्यास ‘लॉफ्ट’ म्हणतात, पन्नास अंशांच्या आसपास असे आणि सॅण्ड वेजचा छप्पन्न. दोहोंत सहा अंशांचे अंतर, आणि ते अनुभवी हाताने सहज भरून निघे. पुढे कारखानदारांनी आपल्या काठीने चेंडू अधिक दूर जातो असे दाखविण्याच्या ईर्ष्येने, क्रमांक तोच ठेवून, तोंडाचा कल उत्तरोत्तर सरळ करीत नेला. आज पुष्कळ संचांतील पिचिंग वेज चव्वेचाळीस ते सेहेचाळीस अंशांची असते. सॅण्ड वेज मात्र छप्पन्नावरच राहिली, आणि मधे दहा-बारा अंशांची खिंड पडली. ही खिंड बुजविण्यासाठी पन्नास-बावन्न अंशांची ‘गॅप वेज’ निघाली. 1980 च्या दशकात डेव्ह पेल्झ या शिक्षकाच्या आग्रहाने व टॉम काइटसारख्या खेळाडूंच्या उदाहरणाने साठ अंशांची ‘लॉब वेज’ लोकप्रिय झाली, तेव्हा चौथीही जागा भरली. अर्थात चारांपैकी एका काठीची गरज खेळातून उत्पन्न झालेली नसून ती व्यापाराने निर्माण केली आहे.

अंशांचा हिशेब कोठेही सारखाच लागू पडतो. बाउन्सचा हिशेब मात्र प्रत्येक मुलखास निराळा आहे, आणि येथे विलायती शिफारस जशीच्या तशी उचलणारा मराठी खेळाडू फसतो. मुंबईत 1918 साली विलिंग्डन क्लबाचे मैदान युरोपीय व हिंदी अशा दोन्ही सभासदांस खुले झाले, 1927 साली चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला, पुण्याचे मैदान येरवड्यास आहे. या सर्व ठिकाणी वर्षाचे दोन स्वतंत्र ऋतू नव्हेत, तर दोन स्वतंत्र जमिनी असतात. वरंधच्या भातखाचरात आषाढात पोटरीपर्यंत पाय रुततो आणि वैशाखात त्याच खाचरातील ढेकळावर कुदळ उसळते. तीच अवस्था या हिरवळींची. पावसाळ्यात भिजलेल्या मातीत बारा-चौदा अंश बाउन्सची काठी तारून नेते, कारण कमी बाउन्सची कड फावड्याप्रमाणे आत घुसते. उन्हाने टणक झालेल्या उघड्या जमिनीवर तीच भरघोस तळाची काठी उसळून चेंडूच्या मध्यावर आदळते, आणि चेंडू ध्वजापलीकडे भरकटतो. तेथे चार ते सहा अंशांचा तळच कामाचा. शिवाय आपल्या देशात पाण्याच्या टंचाईमुळे अनेक मैदानांवर हिरवळीच्या ‘ग्रीन’ऐवजी तेल मिसळलेली वाळू दाबून केलेले ‘ब्राउन’ असत. अशा पृष्ठभागावर उंचावरून उतरलेला चेंडू हवा तसा थांबत नाही. आठ किंवा नऊ क्रमांकाच्या आयर्नने तो अलीकडे टाकून सरपटत नेणे हीच तेथली विद्या होती, आणि लॉब वेज तेथे शोभेपुरतीच राही.

ही विद्या कोणाजवळ होती, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. झोळीचा मालक दुसरा आणि झोळी खांद्यावर घेऊन प्रत्येक फटक्यापूर्वी मातीचा ओलावा पायाने पारखणारा कॅडी दुसरा, अशी ही विभागणी होती. निवडीचे ज्ञान बहुधा दुसऱ्याकडे असे आणि मताधिकार पहिल्याकडे. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून आयुष्य सुरू केलेल्या अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकली, आणि ते ती स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले, तेव्हा हे ज्ञान कोठे साठले होते ते जगास कळले. चेंबूरच्या क्लबानजीकच्या वस्त्यांत कॅडींनी आपला वेगळा खेळ उभा केला. इमारतींच्या बांधकामावरील लोखंडी सळईचे टोक वाकवून काठी करायची, प्लॅस्टिकचा चेंडू घ्यायचा आणि दोन माणसे जेमतेम चालतील अशा गल्लीतून नेम साधायचा, असे त्याचे स्वरूप. तेथे लॉफ्टचा छापील अंक नाही, बाउन्सचा तक्ता नाही. एकच काठी मनगटाने उघडी धरली की वेज होते, आणि मिटून धरली की सरपटता फटका देते. चौदा काठ्यांच्या कायद्याने जे साधावयाचे होते, म्हणजे साधनापेक्षा हाताला श्रेष्ठत्व देणे, ते येथे गरिबीने साधले. गरिबीचा गौरव करावा असा माझा हेतू नाही. ज्यांच्या हाती एवढे कसब होते त्यांना खरी झोळी परवडली नाही, ही या खेळाच्या जमाखर्चातील ठळक नावे बाजू आहे.

सारांश, आजच्या खेळाडूने निर्णयाचा क्रम बदलावा. प्रथम आपल्या संचातील पिचिंग वेजचा खरा लॉफ्ट किती अंशांचा आहे याची खातरजमा करावी, मग तेथून चार ते सहा अंशांच्या पायऱ्या मोजाव्या. तीन पायऱ्यांत काम भागत असेल तर चौथीचा हव्यास धरू नये. साठ अंशांची काठी ज्याने सरावाच्या मैदानावर पुरेसा घाम गाळून वश केली आहे त्यानेच ती बाळगावी, इतरांनी ती जागा एखाद्या लांब पल्ल्याच्या काठीस द्यावी. एक वेज भरघोस तळाची आणि एक उथळ तळाची असावी, म्हणजे आषाढ व वैशाख दोन्हींची सोय होते. आणि या सर्वांआधी, ज्या मैदानावर आपण वर्षातले बहुतेक दिवस खेळतो तेथील माती पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा स्वतः पायाखाली घालून पाहावी, बरोबरच्या कॅडीचे मत विचारावे, आणि दुकानात त्यानंतर जावे.