डार्विनच्या शेतात चर कुणी खणला?

लंडनच्या ब्रॉम्ली भागातून १४६ नंबरची बस पकडली की ती अरुंद रस्त्यांवरून, दोन्ही बाजूंच्या कुंपणांना जवळजवळ घासत, डाउन नावाच्या छोट्या गावात सोडते. गावाच्या स्पेलिंगमध्ये नंतर शेवटी ‘ई’ आला. घराने मात्र तो घेतला नाही. घराचं नाव आजही जुन्या स्पेलिंगनेच लिहितात, डाउन हाउस. परिषदेसाठी लंडनला गेले होते, एक दिवस मोकळा मिळाला, आणि तो कुठे घालवायचा हे आधीच ठरलेलं होतं.

चार्ल्स डार्विन सप्टेंबर १८४२ मध्ये या घरात राहायला आला आणि १९ एप्रिल १८८२ ला इथेच वारला. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं. बीगल जहाजावरची पाच वर्षं आपल्याला शाळेपासून माहीत असतात, पण त्याचं बहुतेक काम या घरात बसून झालंय. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ इथेच लिहिलं गेलं.

घर खरं तर अठराव्या शतकातलं. डार्विन कुटुंबाने गरजेप्रमाणे त्यात खोल्या वाढवल्या. पुढे १९०७ ते १९२२ या काळात इथे मुलींची शाळा होती. १९२७ मध्ये जॉर्ज बक्स्टन ब्राउन या शल्यविशारदाने ते विकत घेतलं आणि १९२९ पासून लोकांना बघायला खुलं झालं. १९९६ मध्ये ते इंग्लिश हेरिटेजकडे आलं, दुरुस्ती झाली आणि १९९८ मध्ये पुन्हा उघडलं. तळमजल्यावरच्या खोल्या आता १८७० च्या दशकात जशा होत्या तशा लावल्यात. व्हिक्टोरियन घर आयतं जपलं गेलं नव्हतं, ते पुन्हा उभं करावं लागलं. ‘असं होतं’ म्हणून जे आपण बघतो, त्यामागे काय दाखवायचं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, एवढं डोक्यात ठेवून आत जावं.

सगळी गर्दी अभ्यासिकेच्या दाराशी असते. दोरीपलीकडे त्याची खुर्ची दिसते. उंच, पायांना चाकं लावलेली. हातांवर आडवी फळी ठेवून तो लिहायचा. खिडकीशी सूक्ष्मदर्शक, गोळ्यांच्या डब्या, कागद. कोपऱ्यात आडोसा करून ठेवलेली हात-तोंड धुण्याची जागा आहे, कारण पोटाच्या आजाराने तो आयुष्यभर हैराण होता. मीही तिथे बराच वेळ उभी राहिले. रिकामी खुर्ची बघून मनात चित्र तयार होतंच: एक माणूस, एक खोली आणि एक महान कल्पना.

बागेत गेल्यावर ते चित्र बिघडलं.

डिसेंबर १८४२ मध्ये, म्हणजे राहायला आल्यावर तीनच महिन्यांनी, डार्विनने घराजवळच्या एका शेताच्या तुकड्यावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरवले. प्रश्न साधा होता: गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, मग वर पडलेल्या वस्तू किती वेगाने गाडल्या जातात? उत्तरासाठी तो २९ वर्षं थांबला. नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ सात इंच खाली सापडली. आमची फेलोशिप पाच वर्षांत संपते, हा हिशेब तिथे उभं राहून मनात आलाच!

गांडुळांवरचं पुस्तक १८८१ चं, त्याचं शेवटचं. त्या कामात अख्खं घर होतं. कुंड्यांमधल्या गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला मुलगा फ्रान्सिसने बसून वाजवलं (हे लाकडी, खर्जातलं फुंकवाद्य) आणि बायको एमाने पियानो. गांडुळं ढिम्म. पण तीच कुंडी पियानोवर ठेवली आणि पट्टी दाबली की ती बिळात पळाली. आवाज नाही, कंप कळतो. दुसरा मुलगा होरेस याने जमिनीवर ठेवलेला दगड किती खचतो हे मोजायचं उपकरण बनवलं. बागेत आज त्याची प्रतिकृती आहे.

आणखी मागे जा. नर भुंगे ठरावीक मार्गाने का फिरतात हे बघायला डार्विनने मुलांना झुडपाझुडपाशी उभं केलं होतं. भुंगा आला की ज्याने-त्याने ओरडून सांगायचं. जून १८५५ मध्ये, शेती सोडून दिलेल्या एका शेतातल्या सगळ्या वनस्पती गोळा करायचं काम चाललं होतं. त्यात सोबत होती मुलांची शिक्षिका, मिस थॉर्ली. तिचं नाव हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रामुळे आपल्याला कळतं. जेवणघर, पियानो, मुलं, शिक्षिका, माळी, सगळं मिळून प्रयोगशाळा होती. हे सगळं परवडलं ते वडिलांच्या आणि सासरच्या पैशामुळे, हेही तितकंच खरं.

आता माझ्या कामाचं. याच बागेत डार्विनने ३ फूट लांब, २ फूट रुंद जागा साफ करून उगवणाऱ्या प्रत्येक रोपावर खूण केली होती. ३५७ उगवली, २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांमुळे. मी सह्याद्रीतल्या एका सड्यावर साधारण हेच करते. एक मीटरच्या चौकटी आखते, कोपऱ्यांवर लोखंडी खिळे ठोकते आणि दर पावसाळ्यात त्याच चौकटीत कोणती रोपं जगली ते मोजते.

दुसऱ्या वर्षी खिळे सापडेनात. धुकं, गुडघाभर गवत, आणि जीपीएस चार-पाच मीटर इकडे-तिकडे. तिथे गुरं चारणाऱ्या मावशी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आगं पोरी, खिळा हुडकतीस व्हय? त्यो बघ, त्या कातळाला लागून.” त्या दिवशी बहुतेक चौकटी त्यांनीच शोधून दिल्या.

माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात याचं वाक्य असं होतं: ‘कायमस्वरूपी चौकटी पुन्हा निश्चित करण्यात आल्या.’ मावशी आभाराच्या पानावर होत्या, ‘स्थानिक ग्रामस्थ’ या दोन शब्दांत. ‘चर खणला गेला’, ‘नमुने गोळा करण्यात आले’ ही आमच्या शास्त्राची भाषा. लिहिणाऱ्याला ती निःपक्षपाती वाटते, पण तीत करणारा माणूसच गायब होतो.

हा फक्त कृतज्ञतेचा मुद्दा नाही. माझी मोजमापं मावशींच्या स्मरणशक्तीवर उभी असतील, तर तो पद्धतीचाच भाग झाला. उद्या कुणी हा अभ्यास पुन्हा करायला गेलं तर त्याला हे कळायला हवं. त्यात चूक झाली असेल तर तीही इथूनच आलेली असू शकते.

परत आल्यावर ते वाक्य बदललं. कोणत्या चौकटी जीपीएसने सापडल्या, कोणत्या मावशींनी दाखवल्या, ते आता पद्धतीच्या प्रकरणात वेगवेगळं लिहिलंय. पुढच्या खेपेला सड्यावर गेले की मावशींना विचारायचंय, “तुमचं पूर्ण नाव प्रबंधात घालू का?” तीन वर्षांत ते एकदाही विचारलं नव्हतं.