राक्षसभुवनचे वर्ष : १७६३
धुळे-सोलापूर हमरस्त्याने जाणारा प्रवासी शहागडचा पूल पाहता पाहता ओलांडतो. परंतु पूल नव्हते त्या काळी दुथडी वाहणारी गोदावरी दौलतींच्या दैवावर केवढा अंमल गाजवी, हे जाणण्यास शहागडच्या परिसरातच, नदीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या राक्षसभुवनाचे १७६३ सालचे वृत्त पुरेसे आहे.

वर्ष उजाडले तेव्हा पानिपताचा घाव ओलाच होता, आणि आळेगावी पुतण्या माधवराव पेशवे चुलत्याच्या स्वाधीन झाल्यामुळे पेशवाईचा कारभार त्या चुलत्याच्या, राघोबादादांच्या हाती गेला होता. दादांनी भवानरावांचे प्रतिनिधिपद काढले, गोपाळराव पटवर्धनांची मिरज घेतली. तेव्हा ही दुखावलेली मातब्बर मंडळी निजामअलीस मिळाली आणि नागपूरकर जानोजी भोसलेही त्यांच्यात सामील झाले. मे महिन्यात निजामाने पुणे लुटले व जाळले. समोरासमोर झुंज न देता मराठी फौजांनीही मोगलाईत आणि भोसल्यांच्या मुलखात लूट व खंडणीचे सत्र आरंभिले. दक्षिणेत त्याच वर्षी हैदराने बेदनूर घेतले, ते पुण्याच्या या दुहीमुळे त्याला मोकळीक मिळाल्याने.

पावसाळा लागताच निजाम औरंगाबादेकडे वळला. शहागड ज्या तीरावर आहे त्या उत्तर तीरास तो स्वतः उतरून गेला, मात्र दिवाण विठ्ठल सुंदर निम्म्याअधिक सैन्यासह अलीकडच्या दक्षिण तीरावरच राहिला. त्या काळचे मुत्सद्दी म्हणून गाजलेल्या ‘साडेतीन शहाण्यां’पैकी तिन्ही पूर्ण शहाणे या प्रकरणात गुंतले होते : विठ्ठल सुंदर निजामाकडे, सखारामबापू पेशव्यांकडे, आणि देवाजीपंत चोरघडे जानोजींकडे. आतून बोलणी होऊन मुलखाच्या आश्वासनावर जानोजी ऐन वेळी निजामापासून अलग झाले, आणि १० ऑगस्ट रोजी मराठ्यांनी दिवाणाच्या फौजेस गाठले. रणात दादांचा हत्ती शत्रूने घेरला असता अठरा वर्षांच्या माधवरावांनी चालून जाऊन चुलत्यास सोडविले; विठ्ठल सुंदर पडला, आणि पैलतीरावरील निजामास पुरामुळे आपल्या दिवाणाच्या मदतीस एक स्वारही धाडता आला नाही.

पुढे मराठे औरंगाबादेवर चालून गेल्यावर २५ सप्टेंबरला तह झाला व निजामाने ८२ लक्षांचा मुलूख सोडला. त्याच महिन्यात त्याचा पदच्युत बंधू सलाबतजंग बिदरच्या कैदेत मारला गेला. माधवरावांनी मात्र मिरज पटवर्धनांस व प्रतिनिधिपद भवानरावांस परत देऊन, निजामाच्या गोटात माणसे घालविणारे कारणच नाहीसे केले. तलवारीच्या यशाइतकेच हे कृत्य त्या वर्षाचे फलित मानले पाहिजे. कारण गोदेच्या पुराने एका दिवसात शत्रू हतबल केला, परंतु घरातील वादाचा निकाल लावण्यास माधवरावांना १७६८ मध्ये धोडपला दादांविरुद्ध पुन्हा शस्त्र उपसावे लागले.