फर्मान, जमाव आणि कायदा

निजामी अमदानीत जालन्यात सभा भरवायची तर आधी सरकारी परवानगी लागे. 1929 च्या ‘गश्ती निशान 53’ ने तसे ठरवूनच टाकले होते. कायदा होता, पण तो करण्यात लोकांचा हात नव्हता. गंमत अशी, की भारताची राज्यघटना हैदराबादने पत्करली तीही 1949 च्या नोव्हेंबरात, निजामाच्या फर्मानानेच!

आज प्रश्न उलटा आहे. 2023 च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणाच्या उपोषणासाठी जमलेल्यांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. जमण्याचा हक्क घटनेनेच दिलेला. त्या लाठ्यांचा मी निषेधच करीन. परंतु 2018 चा आरक्षणाचा कायदा विधिमंडळात एकमताने झाला आणि 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात पडला, हे कसे विसरावे? 50 टक्क्यांची मर्यादा 1992 पासून उघड होती. हात वर करणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती गावात येऊन समजावून सांगितली? आमच्या चळवळीतही असे पुढारी असतात. न टिकणाऱ्या करारावर घाईने सही करतात, गुलाल उधळतात. आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो तो कामगार. 2024 च्या फेब्रुवारीत 10 टक्क्यांचा आणखी एक कायदा झाला, तोही एकमताने. आणि त्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले.