लाटांचा कालवा

मालवणजवळच्या आमच्या गावचा एक मचवा भरकटला, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वारा दक्षिणेकडून होता, म्हणून शोधणारे उत्तरेला गेले. तिसऱ्या दिवशी मचवा सापडला तो दक्षिणेला. तिघांपैकी दोघे जिवंत होते. म्हातारे तांडेल एवढेच म्हणाले, "वारो अंगाक कळता, पाणी खंय ओढता तां कोण सांगतलो?"

या प्रश्नाचे उत्तर रडारच्या इतिहासात मिळेल असे मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात रडार समुद्राकडे वळवले की जहाजाच्या प्रतिध्वनीबरोबर लाटांचाही कालवा परत येई, नि पाणबुडीचे पाण्यावर डोकावणारे टोक त्यात लपून जाई. यंत्रावर बसणाऱ्यांना ती निव्वळ कटकट होती. न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बीने मात्र ती कटकटच ऐकायला घेतली. त्याच्या रेडिओलहरी सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष ६० हजार कंपनांच्या, म्हणजे सुमारे २२ मीटर लांबीच्या. गाडी जवळ येताना शिटीचा सूर चढतो, तसा हलत्या लाटेवरून परतलेल्या लहरीतही फरक पडतो. समुद्रात लहानमोठ्या, संथ नि वेगवान अशा असंख्य लाटा. तेव्हा फरकही असंख्य यायला हवेत. पण ठळक आला तो एकच : सेकंदाला ०.३८ कंपनाचा.

गंमत अशी की, त्या गोंधळात रडारला एकाच मापाच्या लाटा ठळक ऐकू येत होत्या. ११ मीटरच्या, आपल्या लहरीच्या बरोबर निम्म्या. मागच्या लाटेवरून येणाऱ्या प्रतिध्वनीला ११ मीटर जाऊन ११ मीटर यावे लागते. म्हणजे तो नेमका एक लहर मागे राहतो, नि पुढच्याच्या पावलात पाऊल मिळवतो. लेझीम एका ठेक्यात पडली की गावाबाहेर ऐकू जाते, तसेच हे. बाकीच्या लाटांचे प्रतिध्वनी एकमेकांनाच खाऊन टाकतात. खोल पाण्यात ११ मीटरची लाट सेकंदाला ४ मीटरांहून किंचित अधिक धावते. त्या वेगाने गणित केले की ०.३८ हाच आकडा येतो. क्रॉम्बीने हे १९५५ साली प्रसिद्ध केले. क्ष-किरण नि स्फटिक यांबाबत हाच नियम १९१२ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने मांडला होता. १९१५ चे नोबेल बापलेकांना मिळून मिळाले. स्फटिकातल्या अणूंचा कायदा खवळलेल्या दर्यालाही लागू पडावा, याचे मला अजून नवल वाटते.

आता तांडेलांचा प्रश्न. लाटेखालचे पाणीच वाहत असेल, तर आकडा गणिताहून थोडा सरकतो. जितका सरकला तितका प्रवाह. एका रडारला 'जवळ येते की लांब जाते' एवढेच कळते, म्हणून किनाऱ्यावर दोन ठिकाणी दोन बसवतात. डोनाल्ड बॅरिक नि त्याच्या सहकाऱ्यांनी असे प्रवाहाचे नकाशे १९७७ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तमिळनाडू, आंध्र, ओडिशा, गुजरात नि अंदमान इथे अशी रडारे बसवली. पाणी कुठे ओढते आहे ते आता किनाऱ्यावर बसून वाचता येते.

तिसऱ्या खलाशाचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्या वर्षी दिवाळीत आमच्या वाडीत कोणी फटाके लावले नाहीत.