टीएलसीच्या पट्टीचा मागोवा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या माणकिवलीत रात्रपाळीला रिअ‍ॅक्टर चालू असतो, तेव्हा ‘स्टार्टिंग गेलं का?’, म्हणजे कच्चा माल संपला का, या प्रश्नाचं उत्तर टीएलसीची (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची) बोटभर रुंदीची पट्टी देते. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकाचा 0.2 मिलिमीटरचा थर. तळापासून सेंटिमीटरभर वर पेन्सिलीने रेघ मारायची. पेन चालत नाही, शाई द्रावकाबरोबर वर धावते. रेघेवर केशनळीने तीन ठिपके: डावीकडे कच्चा माल, उजवीकडे रिअ‍ॅक्शनचा नमुना, मध्ये दोन्ही एकावर एक, म्हणजे को-स्पॉट. पट्टी इथिल अ‍ॅसिटेट-हेक्झेनमध्ये उभी केली की द्रावक चढू लागतो. सिलिकाला धरून बसणारा पदार्थ मागे राहतो, न धरणारा पुढे जातो. मग यूव्ही दिव्याखाली हिरव्या उजेडात काळे डाग, नाहीतर आयोडीनच्या बरणीत तपकिरी. उजव्या रांगेतून कच्च्या मालाचा डाग नाहीसा झाला, की बॅच पुढे सरकते.

या पट्टीचं मूळ वनस्पतींत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सात मिखाईल त्स्वेतने पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून वेगळी केली. 1938 साली खारकिवमध्ये निकोलाय इझमाइलोव्ह आणि मारिया श्रायबर यांनी नळीऐवजी काचेवर अ‍ॅल्युमिनाचा थर पसरला. वनौषधींच्या अर्कांची तपासणी झटपट व्हावी, एवढीच त्यांची गरज होती. थराला बंधक नव्हता, फुंकर मारली तरी उडावा असा. श्रायबरबाईंचं नाव आजही पुस्तकात क्वचितच भेटतं, याची मला खंत वाटते. 1951 साली कॅलिफोर्नियात किर्शनर यांनी लिंबूवर्गीय फळांतल्या टर्पिनांसाठी बंधक घातलेल्या काचपट्ट्या वापरल्या. पण पट्टी जगभर गेली ती जर्मन औषधनिर्माणशास्त्रज्ञ एगॉन श्टाल यांच्यामुळे. त्यांनी थराची जाडी, सिलिकाचा दर्जा, पसरण्याचं साधन सगळं ठरवून दिलं, आणि 1958 साली तो संच बाजारात आला. त्यातल्या सिलिका जेल ‘जी’मधला जी म्हणजे बंधक म्हणून घातलेला जिप्सम.

अंबरनाथचं रसायन याहून जुनं. धरमसी मोरारजी केमिकल ही कंपनी 1919 सालची, गंधकाम्ल आणि खतांची. तिथे टायट्रेशनने भागत होतं. रंग आणि औषधांचे इंटरमीजिएट बनू लागले, तसं भांड्यात एकाच वेळी चार-पाच पदार्थ असणार हे गृहीत धरावं लागलं. टायट्रेशन एकूण किती ते सांगतं; कोण कोण आहे, ते पट्टी सांगते. तेव्हा तयार पट्ट्या महाग होत्या, म्हणून सिलिका क्लोरोफॉर्ममध्ये कालवून पाठीला पाठ लावलेल्या दोन स्लाइड त्यात बुडवायच्या, सुकवायच्या, ओव्हनमध्ये तापवायच्या. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत कितीतरी जणांचा हात याच कामावर बसला.

हीच पट्टी विषबाधेच्या प्रकरणांतही बोलते. 1990च्या दशकात औरंगाबादच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतले व्ही. बी. पाटील आणि विद्यापीठातले एम. एस. शिंगारे यांनी कार्बारिलसारखी कीटकनाशकं पट्टीवर ओळखण्यासाठी फवारायची अभिकर्मकं शोधून प्रसिद्ध केली. व्हिसेऱ्यातून (मृताच्या अंतर्गत अवयवांतून) काढलेल्या अर्काचा एक ठिपका, वर फवारा, आणि रंग उमटला की तपासाला दिशा.

हाताने प्लेट बनवणारी पिढी आता निवृत्तीला पोचली. त्यांच्या वह्यांत पेन्सिलीने काढलेल्या पट्ट्या आहेत, शेजारी द्रावकाचं प्रमाण आणि आरएफ, म्हणजे द्रावकाच्या तुलनेत डाग किती वर चढला तो आकडा. तुमच्या घरात अशी वही असेल तर रद्दीत देऊ नका; अंबरनाथ-बदलापूर परिसराचा औद्योगिक इतिहास लिहायला ती लागणार आहे.