वधस्तंभापासून घरापर्यंत



आमच्या सरदारपूरसारख्या गावातून कर्करोगाचा रुग्ण मोठ्या शहरात उपचाराला जातो आणि कधीकधी ‘आता घरी न्या’ एवढेच ऐकून परततो. आजार बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येतात, मनाची भीती हलकी करता येते. यालाच उपशामक सेवा म्हणतात.

या सेवेचा इतिहास वाचताना आम्हांला सिसिली साँडर्स भेटल्या. लंडनमध्ये त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका. तिथे डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू रुग्ण मरणाच्या दारी होता. जवळचे कोणी नव्हते. साँडर्स त्याच्याकडे जात राहिल्या. १९४८ साली तो वारला तेव्हा त्यांच्या कार्यासाठी ५०० पौंड ठेवून गेला. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले.

आपल्या देशातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. ते म्हणजे शांती आवेदना सदन. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते स्थापले आणि होली क्रॉस संस्थेच्या सिस्टरांनी रुग्णांची शुश्रूषा हाती घेतली. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या.

डॉक्टर, परिचारिका, पाळक असे अनेक जण रुग्णाकडे येतात. पण रात्री दुखणे वाढले तर कोणाला बोलवायचे? म्हणून ब्रिटनमध्ये २००४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक कर्करुग्णासाठी एक मुख्य सेवक नेमावा, असे सांगितले गेले. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांशी बोलणे, घरच्यांची काळजी, हे सारे त्या एका व्यक्तीला ठाऊक असते. आपल्याकडे मॉर्फीन मिळणे १९८५ च्या कायद्याने फार कठीण झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तरी ते कुठे मिळेल, कागद कोणते लागतील, हे शोधायलाही कोणीतरी लागतेच.

प्रभू येशूने वधस्तंभावर असताना आपली आई एका शिष्याच्या हाती सोपवली. सगळ्यांनी मिळून तिच्याकडे पाहावे, असे त्याने मोघम म्हटले नाही. एकाला सांगितले, आणि तो तिला आपल्या घरी घेऊन गेला.

आम्हां मंडळ्यांत आजाऱ्यासाठी प्रार्थना सगळेच करतात. पण जे सर्वांचे काम, ते पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. म्हणून येत्या रविवारी प्रार्थनेत आजाऱ्याचे नाव घेतले, की त्याच्या घरी नेमाने जाणाऱ्या एकाचेही नाव ठरवू या. त्याने औषधाची वही पाहावी, डॉक्टरांना फोन लावावा, रात्रभर जागलेल्या सुनेला दोन तास झोपू द्यावे, आणि रुग्ण बोलू लागला तर ऐकावे.

प्रभू आपणांस त्या घरापर्यंत नेवो. आमेन.