आपल्या माणसांची माती

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मसणवट्यावर लेख कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न साधा आहे, उत्तरही साधे आहे. आपण बौद्ध. बौद्धांचे सर्वांत जुने स्मारक म्हणजे स्तूप, आणि स्तूप म्हणजे मुळात अस्थींवर रचलेला मातीचा ढीग. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींचे आठ वाटे झाले व त्यावर स्तूप उभे राहिले, असे आपली परंपरा सांगते. म्हणजे माणूस गेल्यावर त्याची आठवण जपणे हे काही परक्याकडून आपल्याकडे आलेले नाही.

नारायणगावापासून जुन्नर पंधरा-सोळा किलोमीटर. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात आजही दगडी स्तूप उभा आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने ते चैत्यगृह दान दिले, असे तिथला लेख सांगतो. मानमोडीच्या डोंगरावर नहपानाचा अमात्य अयम याचे दान ४६ या वर्षाचे कोरलेले आहे. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांनंतरही या माणसांची नावे आपण वाचतो, ती कुणीतरी दगडात कोरली म्हणून.

आपल्याच जिल्ह्यात मावळातील भाजे लेण्यात याहून नेमका पुरावा आहे. तिथे एकाशेजारी एक १४ छोटे स्तूप आहेत, ५ कड्याखाली आणि ९ बाहेर. ते त्या विहारात राहून गेलेल्या थेरांची स्मारके आहेत. धम्मगिरी, अंपिकिणक, संघदिन अशी नावे त्यांवर आहेत. भिक्खूंनी घरदार सोडलेले असते. तरी संघाने आपल्या वडीलधाऱ्यांना एका जागी, नावानिशी ठेवले. एका अर्थाने ती संघाच्या कुटुंबाची स्मशानभूमीच म्हणायची.

आता आपल्या आज्या-पणज्यांकडे या. त्यांचे नाव कुठे कोरले आहे? कुठेच नाही. गावाची मसणवट वेगळी आणि महारवाड्याची वेगळी. ज्याची ऐपत, तो सरण रचायचा. बाकीच्यांनी माती द्यायची. लाकूड विकत आणायचे कुठून? पुरल्यावर जनावरांनी उकरू नये म्हणून वर काटे आणि दगड. पुष्कळ गावांत एकेका भावकीची बाजू ठरलेली असे. आजा इथे, चुलता तिथे, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असे. ती माणसं गेली की खूणही गेली.

आणि विरोधाभास पाहा. गावात कुणीही मेले की त्याची वर्दी घेऊन परगावी पायी जायचे कोणी? महाराने. सरणाचे लाकूड पोचवायचे कोणी? महाराने. मोबदला म्हणून प्रेतावरचे कापड! साऱ्या गावाच्या मरणाची कामे ज्यांनी केली, त्यांच्या स्वतःच्या मरणाला मात्र गावात जागा नव्हती. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले ढोर ओढणे, मृतमांस खाणे सोडा असे सांगितले, तेव्हापासून ही कामे नाकारण्याचे बळ आले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने स्मशानभूमी वा दफनभूमी वापरण्यास जातीवरून अडवणे हा गुन्हा ठरला. १९७६ पासून त्याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि घरातल्या मरणाची रीतही बदलली. श्राद्ध गेले, पिंडदान गेले. त्रिशरण-पंचशील, परित्राण, पुण्यानुमोदन आले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले व ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अग्निसंस्कार झाला. तिथे भय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्तूप १९७१ साली खुला झाला. दरवर्षी आपण चैत्यभूमीला जातो ते याच नात्याने. तिथे लाखो जातात. पण गावाकडच्या मातीकडे कोण जातो?

आम्हाला वाटते, हा प्रश्न भावनेचा नाही, हक्काचा आहे. आपल्या आजोबाच्या मृत्यूची नोंद जुन्या काळी कोतवाल बुकात होत असे, त्यालाच गाव नमुना १४ म्हणतात. त्यात नावाबरोबर जातही लिहिलेली असे. नातवाला जातीचा दाखला हवा असला की १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा आणि जातीचा पुरावा मागतात, तेव्हा हीच नोंद कामी येते. मेलेला आजा नातवाला शाळा-नोकरीच्या दारापर्यंत पोचवतो तो असा!

जमिनीचेही तसेच. नारायणगाववरून पुणे-नाशिक महामार्ग जातो, जमिनीचे भाव वाढत आहेत. ज्या मसणवटीची कागदावर नोंद नाही, तिची वाट आधी बुजते आणि मग जागाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपापल्या मूळ गावी जाऊन तीन कामे करावीत. एक, मसणवटीचा गट नंबर काढून सातबाऱ्यावर आणि गावनकाशावर तिची नोंद आहे का ते पाहावे. दोन, नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तीन, तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाच्या नकला काढून ठेवाव्यात.

चौथे काम आपल्या विहारात होईल. एक जाड वही आणावी. प्रत्येक घराने आपल्या चार पिढ्यांतील गेलेल्या माणसांची नावे त्यात लिहावीत, बायकांचीही, माहेरच्या नावासकट. जिथे माती दिली ती जागा लिहावी. म्हाताऱ्या माणसांना आजच विचारावे, उद्यावर टाकू नये. भाज्याच्या संघाने थेरांची नावे दगडावर कोरली. आपल्याला कागद पुरे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!